चोक आत ढकलायला विसरले. जुनी गाडी ठेवावी का?

चोकवाली

गेल्या रविवारी जुनी गाडी बाहेर काढली आणि अकरा किलोमीटर चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायचं बटण, ओढलेलाच ठेवून चालवली. मागून काळा धूर येत होता म्हणे. एका स्कूटरवाल्याने शेजारी येऊन नाक धरून दाखवलं तेव्हा खाली पाहिलं, तर बटण दोन बोटं बाहेर. यात एवढं काय, असं ज्यांना वाटेल त्यांना सांगते: तंबोरा उतरलेला असताना तासभर गात बसावं आणि आपल्यालाच कळू नये, तसं झालं. घरी कोणाला सांगितलं नाही. इथं सांगतेय.

गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की धागा 'ही चांगली की तिची धाकटी बहीण चांगली' यावर जाईल आणि माझा प्रश्न बाजूला राहील. १९७२ची आहे, चार सिलिंडर, पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा कार्बोरेटर, गिअर स्टिअरिंगखाली, म्हणजे ज्याला आम्ही हँडगिअर म्हणतो तो. बाबांनी १९८३ साली सेकंडहँड घेतली. मी तिच्यावरच शिकले. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली.

तिच्या खोड्या सांगायला बसले तर रात्र पुरणार नाही. चालवणाऱ्याच्या बाजूचं दार थोडं उचलून लावावं लागतं. पेट्रोलचा काटा पाव टाकीवर येऊन बसतो तो टाकी कोरडी होईपर्यंत हलत नाही, म्हणून डिकीत एक लाकडी पट्टी आहे. बाबांनी कानशीने तिच्यावर खाचा पाडल्यात, पाच, दहा, पंधरा लिटर. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मध्ये न्यूट्रलला थांबायचं, क्लच सोडून जराशी रेस द्यायची, पुन्हा क्लच, मग गिअर. घाई केली तर ती दात खाते. बाबा म्हणायचे, 'तिला विचारून घे.'

आणि सकाळची सुरुवात. चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडायचा, मग सेल्फ मारायचा. पकडली की पहिल्यांदा आवाज भरभर आणि हलका येतो. मिनिटाभरात तो जड व्हायला लागतो, घसा भरून आल्यासारखा. तिथं चोक अर्धा आत. पुन्हा जड झाला की पूर्ण आत. हे घड्याळावर होत नाही, पावसाळ्यात वेगळं, उन्हाळ्यात वेगळं. बाबा कामाला निघाले की मी पांघरुणात पडल्यापडल्या मनात म्हणायचे, 'आता ढकला,' आणि खाली ते ढकलायचे. शाळेत होते तेव्हाची गोष्ट. गाडी चालवायला शिकायच्या कितीतरी आधी मला चोक येत होता.

चार वर्षांपूर्वी नवी गाडी घेतली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही आणि हीच तिची खुबी. बटण दाबलं की सुरू. दिवे आपोआप लागतात, आपोआप विझतात. मी तिला नाव ठेवलं नाही, आणि तिला नावं ठेवायलाही जागा नाही.

पण त्यानंतर जुनीच्या बाबतीत मी काय काय केलं बघा. एकदा दिवे चालू ठेवून उतरले, सकाळी बॅटरी बसलेली. एकदा किल्ली पर्समध्ये ठेवून दारापाशी उभी राहिले, दार उघडायची वाट बघत. आणि आता हा चोक. तरी विसरण्याचं मला तेवढं दुःख नाही. दुःख याचं की परवा ती गरम होईपर्यंत दोन मिनिटं थांबावं लागलं, तर मला चीड आली. पूर्वी त्या दोन मिनिटांत मी काच पुसायचे, आरसा नीट करायचे, काहीच नाही तर नुसती बसून राहायचे. परवा फोन काढला. तो आवाज जड झाला तो फोनमध्येच विरला असणार.

आता प्रश्न. एक गृहस्थ गाडी मागताहेत. इंजिन, गिअरबॉक्स, टाकी सगळं काढून आत बॅटरी आणि मोटर घालणार. रूप तेच राहील म्हणतात. मनापासून प्रेम करणारा माणूस वाटला, फसवा नाही. द्यावी का? आणि ज्यांनी अशी गाडी वर्षानुवर्षं ठेवली त्यांना विचारायचंय: तुमचंही असं आटलं का? की ते प्रेम नव्हतंच, दुसरा पर्याय नव्हता म्हणून गोड मानून घेतलेली अडचण होती?

---

टॅपेट

प्रेमाचं नंतर बघू. आधी ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग काढून पाहिलेत का?

अकरा किलोमीटर चोकवर म्हणजे चारही काजळले असणार. पितळी ब्रशने साफ करा, गॅप बघा, परत लावा. मग ऑइलची पट्टी काढून नाकाला लावा. जादाचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि चेंबरमधलं ऑइल पातळ करतं. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलून टाका. एकदाच झालंय, बहुधा काही नसेल, पण वास घ्यायला पैसे पडत नाहीत.

मी तीस वर्षं इंजिनं उघडतोय. चालवून बिघडलेल्या गाड्या कमी आणि उभ्या राहून बिघडलेल्या जास्त बघितल्या. लोकांना वाटतं कव्हर घातलं की जपली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्याने व्हील सिलिंडर आतून गंजतो आणि एक दिवस ब्रेक धरल्यावर सुटत नाही. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि तळाला राळेसारखं काहीतरी राहतं, ते जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक भोकात, बसतं. टायरची नक्षी बघून खूश होऊ नका. टायरच्या बाजूला बारीक चार आकडे असतात, समजा २३१४ असेल तर तो २०१४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी बोटभर खोल असली तरी असं जुनं रबर रबर राहत नाही, लाकूड होतं.

सगळ्यात आधी मात्र पेट्रोलच्या नळ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं आणि वर पाणी धरून ठेवतं. इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्या घाला, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळ्या. गळकी नळी तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकली तर प्रेम आटलं की नाही हा प्रश्नच उरणार नाही.

आणि रविवारची फेरी बंद करा. पाच-सहा किलोमीटर फिरवून परत ठेवणं हे न चालवण्यापेक्षा वाईट. इंजिन पुरतं तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये साठतं आणि तो आतून सडतो. तिला काम द्या. आठवड्यातलं ठरलेलं एक काम, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटरचं. फिरायला नेलेली गाडी आणि कामाला नेलेली गाडी यात फरक असतो. फिरायला नेली की तुम्ही तिच्याकडे बघत बसता, कामाला नेली की रस्त्याकडे बघता. हात परत बसतो तो असाच.

मोटर घालण्याबद्दल: करणारे करतात, काही फार चांगलं करतात. पण वजन बदलतं, मग स्प्रिंगा बदलतात, मग ब्रेक बदलतात. शेवटी तुमचा उरतो पत्रा आणि ते उचलून लावायचं दार.

---

मागची_सीट

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

हा जुन्या गाडीचा रोमान्स कायम स्टिअरिंगवर बसलेल्याचा असतो. मागच्या सीटवर वाढलेल्यांना कोणी विचारत नाही. आमच्या वाट्याला आलं ते म्हणजे पेट्रोलचा वास, घाटात उलटी, उन्हात मांडीला चिकटणारं रेक्झिन, आणि बंद पडली की 'उतरा रे सगळे'. बाबा बोनेटमध्ये डोकं घालून खुशीत, एकेक पाना मागताहेत. आई रस्त्याच्या कडेला दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी. तासाभराने बाबा विजयी मुद्रेने वर बघायचे आणि म्हणायचे, 'पॉइंट होता.' आम्ही टाळ्या वाजवायच्या. त्यांनी ती गाडी विकली तेव्हा ते रडले आणि आईने देवापुढे दिवा लावला, दोन्ही एकाच संध्याकाळी.

दुसरं, जे या धाग्यांवर कोणी बोलत नाही. तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट नील्स बोहलिन या व्होल्वोच्या इंजिनिअरने १९५९ साली आणला आणि व्होल्वोने त्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. म्हणजे तुमची गाडी बनली तेव्हा त्याला तेरा वर्षं झाली होती. तुमच्या मागच्या सीटला आहे का तो? २००९ साली अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने १९५९ची शेवरले बेल एअर आणि २००९ची शेवरले मालिबू समोरासमोर धडकवली. जुनी गाडी दिसायला रणगाडा, जाड पत्रा, क्रोमचे बंपर. तिची पुढची बाजू ढासळून थेट चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आली, खरा माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्याचं पायाच्या दुखापतीवर निभावलं असतं. 'पूर्वीचा पत्रा मजबूत होता' असं म्हणणाऱ्याला मी ती चित्रफीत दाखवतो आणि मग गप्प बसतो.

मी माझी १९८६ची गाडी सहा वर्षांपूर्वी दिली. चुकल्यासारखं वाटलं का? वाटलं, दोन आठवडे. तुमची चीड खरी आहे, तिचं ऐका.

---

चोकवाली

@मागची_सीट, राग कसला. पुढे पट्टे आहेत, नंतर बसवून घेतलेले. मागे नाहीत. म्हणून भाचीला मी या गाडीत मागे बसवत नाही, पुढे बसवते किंवा नवी काढते.

आणि पिशव्या धरून उभ्या असलेल्या आईचं वाचून थोडा वेळ फोन खाली ठेवला. माझ्या आईला ही गाडी कधीच आवडली नव्हती. हे मला बाबा गेल्यावर कळलं. तोवर ती दर वेळी म्हणायची, 'छान चालते हो अजून.'

@टॅपेट, प्लग उद्या काढते. ऑइलला वास आहे असं वाटतंय, पण आता मला सगळ्यालाच पेट्रोलचा वास येतोय.

---

दोन_सिलिंडर

जुन्या गाडीला 'कॅरेक्टर' असतं असं म्हणतात, तो शब्द आपण उगाच जड करून ठेवलाय असं मला वाटतं. जुन्या गाड्यांच्या बहुतेक खोड्या काटकसरीतून जन्मलेल्या आहेत. काटकसर करणारा माणूस डोकेबाज असला की खोडी लोभस होते, नसला की नुसतीच अडचण राहते. तुमच्या बाबांची खाचा पाडलेली पट्टीच घ्या. सिट्रोएन टूसीव्हीच्या सुरुवातीच्या गाड्यांना पेट्रोलचा काटा नव्हताच, कंपनीच पट्टी द्यायची! १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली ती, ३७५ सीसी, दोन सिलिंडर, नऊ अश्वशक्ती. (माझं इथलं नाव तिच्यावरूनच.) शेतकऱ्यासाठी गाडी हवी, नांगरलेल्या रानातून अंड्यांची टोपली नेली तर अंडं फुटता कामा नये, ही तिची अट. पण मला तिचे वायपर सगळ्यात आवडतात. वेगळी मोटर कशाला, म्हणून ते स्पीडोमीटरच्या केबलवर चालायचे. गाडी पळाली तर वायपर पळणार, गाडी रांगली तर वायपर रांगणार, आणि थांबलात तर हाताने फिरवायचे. फोक्सवॅगन बीटलमध्ये काच धुवायचं पाणी स्टेपनीतल्या हवेच्या दाबाने उडायचं. खूप काच धुतली की स्टेपनीतली हवा कमी. आता यावर हसावं की दाद द्यावी?

मिनी १९५९ची. सुएझ कालव्याच्या पेचामुळे पेट्रोलची टंचाई झाली, छोटी गाडी हवी झाली. तिचा रचनाकार ॲलेक इसिगोनिसने इंजिन आडवं टाकलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खालीच, त्याच ऑइलमध्ये बसवला. तीन मीटर आणि वर काही बोटं एवढ्या लांबीत चार माणसं बसवली. तिच्या गिअरचा जो रडका सूर लोक डोळे मिटून ओळखतात तो कोणी ठरवून दिलेला नाही. तशा मांडणीतून तो आपोआप निघाला.

मग हे गेलं कुठे? कोणी दुष्टपणे काढून नेलं नाही. चोकचंच बघा. धूर कमी करायचा तर सायलेन्सरच्या वाटेवर तो शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा. तो नीट चालायचा तर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण काटेकोर हवं, एकाला साधारण पावणेपंधरा वजनाने. कार्बोरेटर अंदाजपंचे देणारा प्राणी, त्याला हे दर क्षणी जमत नाही. १९६७ साली बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन फोक्सवॅगनमध्ये आलंच होतं. १९७६मध्ये व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला, आणि कार्बोरेटरचे दिवस भरले. चोकवाली, तुम्ही कानाने जे करत होता ते काम त्या सेन्सरने घेतलं. तो फोन बघत नाही, एवढाच त्याचा गुण.

गंमत पुढे आहे. सगळं गुळगुळीत करून झाल्यावर कंपन्यांच्या लक्षात आलं की चालवणाऱ्याला करमत नाही. २०११च्या बीएमडब्ल्यू एमफाइव्हमध्ये इंजिनाचा आवाज गाडीतल्या स्पीकरमधून ऐकवायला लागले. इंजिन खरं, आवाज मात्र थोडा भरीचा. आणि २०२३ची ह्युंदाई आयोनिक फाइव्ह एन तर बॅटरीची, तिला गिअर नाहीतच, तरी हवं असेल तर ती आठ गिअर असल्याचं सोंग करते, गिअर बदलल्याचा हिसकासुद्धा देते. चालवणाऱ्यांना आवडतं म्हणे. मला त्यांचं हसू येत नाही, बरं का. भूक खरी आहे, म्हणून तर कोणीतरी ताटात रबरी जिलबी वाढतंय.

तुमच्या विकण्याच्या प्रश्नावर: जुन्या गाड्यांची फिवा नावाची जागतिक संघटना आहे. तीस वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, रोजच्या वाहतुकीला न वापरली जाणारी ती ऐतिहासिक गाडी, अशी त्यांची व्याख्या आहे. मोटर घातलेलीला ते त्यात धरत नाहीत, आणि कोणी घालतंच असेल तर परत पूर्ववत करता येईल अशी घाला, काढलेला प्रत्येक भाग खूण करून जपा असं सांगतात. द्यायचीच झाली तर निदान एवढी अट घाला. इंजिन भंगारात जाता कामा नये.

(टॅपेट म्हणतात तिला काम द्या, फिवा म्हणते रोज वापरू नका. आठवड्यातून एकदा म्हणजे दोघंही खूश.)

---

नवशिका

ताई, मी ऑटोमॅटिकवर शिकलो, त्यामुळे इथलं निम्मं डोक्यावरून गेलं. पण धागा सोडवत नाही. एक बावळट प्रश्न: चोक म्हणजे हवा कमी करतात असं वाचलं. हवा कमी केली तर इंजिन गुदमरायला हवं ना? त्याने चालू कसं होतं?

आणि आमच्या घरची बॅटरीवाली गाडी सावकाश चालताना मुद्दाम आवाज करते, रस्त्यावरच्यांना कळावं म्हणून. एक लांब 'ऊऽऽ'. आजी त्या आवाजावरून दार उघडायला येते. म्हणजे तिच्यापुरतं कॅरेक्टर आलंच की.

---

चोकवाली

@नवशिका, प्रश्न अजिबात बावळट नाही. मी चाळीस वर्षं चोक ओढतेय आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही. उत्तर लिहायला बसले तेव्हा कळलं की हाताला माहीत आहे ते तोंडाने सांगता येत नाही. बोनेट उघडून, एअर फिल्टर काढून, बघून आले. आता सांगते.

कार्बोरेटरच्या तोंडाशी पितळेची एक गोल चकती आहे, रुपयाच्या नाण्याहून मोठी, मधोमध दांडीवर फिरणारी. आपण बटण ओढलं की तार ओढली जाते आणि चकती आडवी होते. तोंड जवळजवळ बंद. आता इंजिन खालून हवा ओढतंय, हवा येत नाही, मग ते जास्त जोरात ओढतं आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल जास्त येतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं भिंतींना चिकटून राहतं, म्हणून दहा भाग पाठवले तर कुठे कामापुरते पोचतात. इंजिन तापलं की सगळंच पोचायला लागतं, मग ते जास्त होतं, आणि आवाज जड होतो. म्हणजे तो 'घसा भरून आलेला' आवाज खरंच घशाशी आल्याचा आवाज आहे! ती म्हणत असते, पुरे आता. मला इतकी वर्षं फक्त 'आता' ऐकू येत होतं, 'पुरे' नाही.

@टॅपेट, प्लग काढले. तीन काळे ठिक्कर, कोरडी काजळी, बोटाला लागते. चौथा वेगळा, काळाच पण ओलसर, तेलकट. म्हणजे चौथ्यात ऑइल येतंय, हो ना? हे चोकचं नाही, हे आधीचंच असणार. साफ करून लावले. पहिला प्लग हाताने फिरवून बसवताना, आटे बरोबर लागलेत हे बोटांना कळतं तो क्षण आला आणि खूप बरं वाटलं. ऑइल बदललं. नळ्या मागवल्या आहेत, त्या बदलल्याशिवाय लांब नेणार नाही असं ठरवलं होतं आणि मोडलं, खरं सांगते. परवा गुरुवारी नेली. गुरुवारी मी शिकवायला जाते, सोळा किलोमीटर जायला, सोळा यायला. आदल्या रात्री जुन्या नळ्या एकेक वाकवून, चिरा बघून, पुसून, खाली कागद अंथरून ठेवला होता. सकाळी कागद कोरडा होता. तरी ओरडा, ओरडायचा हक्क आहे तुमचा.

फोन पर्समध्ये ठेवला. पहिल्यांदा चोक लवकर ढकलला, बंद पडली. दुसऱ्यांदा बरोबर. सुरू झाल्याझाल्या एक बारीक किंचाळी आली आणि दोन-तीन सेकंदांत गेली. लगेच कळलं, फॅनबेल्ट सैल. थांबून अंगठ्याने दाबला तर इंचभर आत जातोय. ही किंचाळी गेल्या रविवारीही आली असणारच.

चीड? आली. वाटेत एका चढावर मागच्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि मी तिला दुसऱ्यावर 'विचारून' घेत होते, तेव्हा पोटातून वाटलं की नवी आणली असती तर बरं झालं असतं. येताना पायही दुखला. या क्लचचं वजन मी विसरले होते. म्हणजे @मागची_सीट, तुमचं म्हणणं मी खोडून काढत नाहीये. पूर्वीसारखं वाटेल अशी आशा धरून बसलेही नाही. पूर्वी ती एकच होती, आता शेजारी दुसरी उभी आहे, आणि तुलना करायचं थांबवता येत नाही.

त्या गृहस्थांना फोन करून नाही म्हटलं. ते म्हणाले, 'वाटलंच होतं.' त्यांना कसं वाटलं कोण जाणे, मला तर फोन लावेपर्यंत माहीत नव्हतं. @दोन_सिलिंडर, तुमची अट त्यांना सांगितली होती, त्यांना मान्य होती, त्यामुळे माणूस चांगलाच निघाला. पण इंजिन खूण करून कपाटात ठेवलेलं असणं आणि गुरुवारी सुरू होणं यात मला फार फरक वाटला. पुढच्या वर्षी काय वाटेल ते पुढच्या वर्षी.

आता एक कामाचा प्रश्न. प्लग काढताना डिस्ट्रीब्यूटरची, म्हणजे चारही प्लगना करंट वाटून देणाऱ्या डब्याची, कॅप उघडून बघितली. आत पितळी टोकांवर पांढरट पूड जमलीय. पुसायची की कॅपच बदलायची?

---

टॅपेट

नळ्यांबद्दल ओरडलो असं समजा. कागदावर थेंब नव्हता म्हणजे उभी असताना गळत नाही, एवढंच. पंप चालू झाला की दाब वेगळा. नळ्या येईपर्यंत किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्या.

चौथ्यात ऑइल येतंय, बरोबर. व्हॉल्व्हचं सील किंवा रिंग. कॉम्प्रेशन मोजून घ्या, घाई नाही, ऑइल किती पितं ते महिनाभर लिहून ठेवा. बेल्ट आवळा, पण अर्ध्या इंचापेक्षा कमी नको, नाहीतर डायनॅमोचं बेअरिंग ओरडेल.

कॅपमधली पूड कोरड्या फडक्याने पुसा, टोकं हलक्या हाताने घासा. मग कॅप उजेडात धरून आतून बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेलेली दिसली तर कॅप बदला. ती रेघ पुसून जात नाही, करंट तिच्यातून पळतो आणि पावसाळी हवेत गाडी मिस मारते. रोटरचं टोकही बघून घ्या.

वायरी काढायच्या आधी त्यांच्यावर नंबर टाका.

---

चोकवाली

नंबर आहेत. बाबांनी निळ्या ऑइलपेंटने टाकलेले. तीन आणि चार उलटे आहेत, पण ते मला माहीत आहे.